राहिलेली प्रत

दिवाळीची झाडलोट म्हणजे घरांतील विसरलेल्या वस्तूंचें संमेलनच. गेल्या दिवाळींत माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खालीं आली आणि तीतून आमच्या छायाचित्रांच्या छंदाचें जुनें भांडार निघालें. मुंजींचे, मंगळागौरींचे, डोहाळजेवणांचे फोटो सर्व मंडळींनीं कौतुकानें पाहिले. इतक्यांत धाकट्या पुतणीनें तळाचें एक पाकीट उघडलें आणि विचारलें, "काका, ह्या कोण? आपल्या नात्यांतल्या दिसत नाहींत." त्या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हांस त्या वेळीं देववलें नाहीं. तें आज वाचकांसमोर देत आहों.

२०१५ सालच्या पाडव्याच्या सुमारास आम्ही कॅमेरा घेऊन जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवास गेलों होतों. पुणें-नाशिक रस्त्यावरील, मीना नदीच्या कांठचें हें गांव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलें जातें. ह्या दिवसांत ठिकठिकाणचे फडमालक तेथें राहुट्या ठोकून बसतात. गांवोगांवचे पंच आपल्या जत्रेची तारीख घेऊन येतात, ह्या राहुटींतून त्या राहुटींत हिंडतात, घासाघीस करतात, आणि सौदा जमला म्हणजे सुपारी देऊन परततात. फडाची वर्षाची भाकरी पुष्कळशी ह्या चैत्र-वैशाखांतील सुपाऱ्यांवरच शिजते.

आपल्यासारख्या घरांतून 'तमाशा' हा शब्द अजूनहि किंचित् दबक्या स्वरांतच उच्चारला जातो. वास्तविक ज्यांचें नांव ह्या कलेंत सर्वांच्या तोंडीं आहे ते पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) म्हणजे रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरचें कुलकर्णीपण सोडून ते फडांत उभे राहिले. आणि नारायणगांवचें नांव महाराष्ट्रभर नेलें तें विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर ह्यांनीं. १९३५ सालीं पंढरपुरांत जन्मलेल्या ह्या कलावतीला १९५७ आणि १९९० अशा दोन वेळां राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव लाभला. तरी त्यांचा अखेरचा काळ हलाखींतच गेला. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार देतें. आधीं उपेक्षा आणि मागाहून पुरस्कार, हा क्रम आपल्याकडे नवा नाहीं.

पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनीं आंबेगांव तालुक्यांतील एका जत्रेंत आम्ही एका फडाबरोबर रात्र काढली. गण झाला, गवळण झाली, मावशीनें कृष्णाच्या सवंगड्यांस पुरेपूर छळलें, आणि मध्यरात्रीच्या सुमारास वग उभा राहिला. ढोलकी आणि हलगी एकमेकींशीं झुंजूं लागल्या म्हणजे छायाचित्रकाराचेहि हात स्थिर राहत नाहींत. त्या रात्रीं आम्हीं तीनशेंवर छायाचित्रें काढलीं.

पहांटे कनातीमागें एक बाई तोंडावरचा रंग पुसीत बसल्या होत्या. रात्रीं ह्यांच्याच लावणीनें सारें मैदान उठून उभें राहिलें होतें. शेजारीं त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी घोंगडीवर झोंपली होती. आम्हांस पाहून बाई म्हणाल्या, "साहेब, नाचतानाचं फोटू लई जण काढत्यात. एक साधा काढा की, पोरीसंगं. ती वसतिगृहात ऱ्हाती. तिच्यापाशी ठेवायला व्हईल."

त्यांनीं डोक्यावरून पदर घेतला, मुलीला उठवून तिचे केस हातानेंच सारखे केले, आणि दोघी ट्रकच्या फळीला टेकून बसल्या. उजेड नुकताच फुटत होता. आम्हीं एकच छायाचित्र घेतलें, फडाचा पत्ता लिहून घेतला आणि आठ दिवसांत प्रत पाठवितों असें वचन दिलें.

प्रत तयार झाली. पाकिटावर पत्ताहि लिहिला. तें दिवाणखान्यांतील मेजावर पडलें असतां घरांत कोणी तरी पत्ता वाचला आणि नुसतें विचारलें, "ह्यांच्याशीं पत्रव्यवहार आहे का?" कोणी रागावलें नाहीं, कोणी मनाई केली नाहीं. तरीहि आम्हीं तें पाकीट उचललें, 'उद्यां टाकूं' असें म्हटलें आणि पेटींत ठेवलें. जत्रेंतील रंगीत छायाचित्रें मात्र आम्हीं स्नेह्यांस हौसेनें दाखविलीं. जें आम्हांस हवें होतें तें आम्हीं घेतलें. जें त्यांनीं मागितलें तें दिलें नाहीं.

ह्या पाडव्यास तें पाकीट घेऊन आम्ही पुन्हां नारायणगांवीं गेलों. राहुट्या होत्या, पण पत्त्यावरील फडाचा फलक कोठें दिसेना. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षीं साथीमुळें जत्रा बंद राहिल्या, त्यांत तो फड कर्जानें मोडला, असें एका व्यवस्थापकांनीं सांगितलें. त्यांनीं छायाचित्र उजेडांत धरून पाहिलें आणि बाईंस तत्काळ ओळखलें. त्या आतां गुडघ्यांच्या दुखण्यामुळें गांवींच असतात, मुलगी परिचारिका झाली आहे. त्यांनींच दूरध्वनि लावून दिला.

आम्हीं उशीराबद्दल क्षमा मागूं लागलों, तों बाई मध्येंच म्हणाल्या, "आणला न्हवं? मग उशीर कसला? तुम्ही ध्यानात ठिवलं, हेच लई झालं."

वाचकहो, ध्यानांत तें पाकीट होतें कीं पेटी होती, हें आमचें आम्हांस ठाऊक. बाई आमच्यावर रागावल्या असत्या तर आम्हांस अधिक सोपें गेलें असतें. छायाचित्र दुसऱ्या दिवशीं त्यांच्या गांवच्या बसमधून रवाना झालें. त्याची दुसरी प्रत आतां आमच्या दिवाणखान्यांत, मुंजीच्या फोटोंच्या शेजारीं लावली आहे. पुतणीला आम्हीं सारी हकीकत सांगितली. ती ऐकून घरांतील वडील मंडळी कांहीं वेळ गप्प होती, आणि मग थोरल्या वहिनींनींच खिळा कोठें ठोकावा तें दाखविलें.

प्रत्येक घरांत आतां खिशांतून कॅमेरा फिरतो. कार्यांत सनईवाला येतो, कीर्तनकार येतात, दारीं वासुदेव येतो. आपण त्यांचीं चित्रें टिपतों आणि विसरतों. आमची विनंति इतकीच कीं चित्र घेतांना त्यांना स्वतःचें कसलें चित्र हवें आहे तें विचारावें. आणि त्याची प्रत त्याच आठवड्यांत त्यांच्या हातीं पोंचवावी. आमच्याप्रमाणें माळा झाडण्याची वाट पाहूं नये.