कुलूप, चोर आणि पायथन

शीर्षकातला तिसरा शब्द पाहून कला शाखेचे निम्मे वाचक पान उलटतील आणि पुढच्या कवितेकडे वळतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच, की दोन परिच्छेद तरी थांबावे. येथे पायथन म्हणजे अजगर नव्हे. संगणकाला कामे सांगण्याची ती एक भाषा आहे. गुइडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅम येथे तिच्या रचनेस हात घातला, १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली आणि तिला नाव दिले ते 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. म्हणजे जन्मापासूनच ही भाषा फारशी गंभीर चेहऱ्याची नाही.

माझी तिच्याशी ओळख झाली ती नव्या शैक्षणिक धोरणाने आम्हांला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यायला लावला म्हणून. मराठी आणि इतिहास घेऊन बसलेली आम्ही मुले. पहिल्या तासाला आमचे चेहरे पाहण्यासारखे होते. पण महिन्याभरात ध्यानात आले, की हे प्रकरण व्याकरणाच्या तासाहून फार निराळे नाही. शब्द जागच्या जागी पाहिजेत. एवढेच नव्हे, तर ओळीच्या आरंभी सोडलेली जागासुद्धा येथे अर्थ बदलते. समास न सोडल्याबद्दल शाळेत ज्यांनी बोलणी खाल्ली आहेत, त्यांनी या भाषेच्या वाटेला जरा जपूनच जावे.

आज मला लिहायचे आहे ते या भाषेच्या अशा एका उपयोगाविषयी, की ज्याचे नाव काढताच वसतिगृहात मुले डोळे मिचकावतात आणि घरी आई घाबरते. तो म्हणजे संगणकाच्या सुरक्षिततेची परीक्षा. मालकाची लेखी परवानगी घ्यावयाची, चोराच्या पावलांनी त्याच्या संगणकात शिरून पाहावयाचे, आणि मग कोठून व कसे शिरलो याचा अहवाल मालकाच्याच हाती द्यावयाचा. इंग्रजीत याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. हे काम करणारा आणि खरा चोर यांना आपल्याकडे एकाच नावाने ओळखतात, 'हॅकर'. माझी सारी तक्रार या एका शब्दापासून सुरू होते.

या कामासाठी पायथनच पाहिजे असे मुळीच नाही. दुसऱ्या संगणकाची कोणती दारे उघडी आहेत हे पाहणारे 'एनमॅप' हे हत्यार १९९७ साली सी भाषेत आले. 'मेटास्प्लॉइट' आधी पर्ल भाषेत होते, पुढे ते रूबीत पुन्हा लिहिले गेले. तरीही आजचा शिकाऊ उमेदवार बहुधा पायथनकडेच वळतो. कारण साधे आहे. थोड्या ओळींत काम होते आणि इतरांनी तयार करून ठेवलेले सुटे भाग फुकट मिळतात. संगणक एकमेकांना जी पाकिटे धाडतात ती 'स्कॅपी'च्या साहाय्याने हवी तशी स्वतः भरून धाडता येतात. 'एसक्यूएलमॅप' एखाद्या संकेतस्थळाचा अर्ज तपासून पाहतो, की नावाच्या रकान्यात नावाऐवजी हुकूम लिहिला तर पलीकडचे यंत्र तो मुकाट्याने पाळते की काय. अर्जदाराने नावाच्या जागी 'अर्ज मंजूर करावा' असे लिहावे आणि साहेबांनी ते वाचून खरोखरच मंजूर करावा, असा हा विनोदी प्रकार आहे; पण तो घडतो.

याचे एक मोठे उदाहरण सांगण्याजोगे आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड जाहीर झाले. पासवर्ड, बँकेचे व्यवहार इत्यादी गोष्टी इंटरनेटवरून गुप्तपणे नेण्यासाठी ओपनएसएसएल नावाचा जो फुकटचा प्रोग्रॅम जगभर वापरला जातो, त्यात ही चूक मार्च २०१२ पासून बसलेली होती. चूक काय, तर मोजून न घेण्याची. दोन संगणक जोडलेले असताना अधूनमधून एक दुसऱ्याला विचारतो, 'आहेस ना?' त्यासाठी तो एक शब्द धाडतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच शब्द परत मागतो. आता समजा, मी शब्द धाडला तीन अक्षरांचा आणि सांगितले, की तो चौसष्ट हजार अक्षरांचा आहे. पलीकडचा कारकून मोजतच नसे! तो ती तीन अक्षरे परत करी आणि उरलेली भरती टेबलावर पडलेल्या कागदांतून करी. त्या कागदांत कधी कोणाचा पासवर्ड असे, कधी खुद्द तिजोरीची किल्ली. शेजारीण वाटीभर साखर परत करते आणि वर म्हणते, 'पोतेभर दिली आहे, तेवढीच मला पुन्हा द्या'; आणि आपण उठून घरातले पोते तिच्या दारात नेऊन ठेवतो, तसेच हे.

गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन या कंपनीतील संशोधक यांनी ही चूक स्वतंत्रपणे शोधून काढली. मग जगातल्या प्रत्येक संस्थेपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आपले यंत्र यात सापडते का? त्याचे उत्तर देणारा, पायथनमध्ये लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम थोड्याच अवधीत हातोहात फिरू लागला. त्यात जादू काही नव्हती. खोटी लांबी सांगावयाची आणि काय परत येते ते पाहावयाचे, बस. मालकाने चालवला तर ती तपासणी, परक्याने चालवला तर चोरी. प्रोग्रॅमची एक ओळही बदलण्याची गरज नाही. त्याच दिवसांत कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे विमा क्रमांक या भगदाडातून गेले, आणि त्या प्रकरणी अटक झाली ती १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला. माझेही वय आज तेवढेच आहे. ती हकीगत वाचल्यावर मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही.

येथे सुज्ञ वाचक म्हणतील, मग ही विद्या मुळात शिकवावीच कशाला? शिकवली की चोर वाढणार. हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनाविषयी आम्ही वर्गात जे शिकतो, त्यात वाफेची यंत्रे येतात, कोहिनूर येतो; आल्फ्रेड हॉब्ज मात्र येत नाही. हा अमेरिकन कुलूपवाला त्या वर्षी लंडनला आला आणि त्याने चब कंपनीचे प्रसिद्ध 'डिटेक्टर' कुलूप पंचवीस मिनिटांत किल्लीवाचून उघडून दाखवले. ब्रामा यांच्या पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षे टांगलेले होते. उघडणाऱ्यास दोनशे गिनी इनाम. हॉब्जने १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट केली आणि तेही उघडले. इंग्लंडात एकच गदारोळ झाला. लोक म्हणू लागले, याने चोरांना शिकवण दिली. १८५३ साली त्याच्या माहितीवर आधारलेले कुलपांविषयीचे एक पुस्तक निघाले, त्यात या आक्षेपाला सरळ उत्तर आहे: चोरांना त्यांचा धंदा आधीच उत्तम येतो, अंधारात असतात ते कुलूप विकत घेणारे प्रामाणिक लोक. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. ते करणाऱ्यांनी कोणत्याही महाविद्यालयाच्या ऐच्छिक विषयाची वाट पाहिली नव्हती.

आता थोडे स्वतःविषयी. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आळीतल्या प्रत्येक मोबाइलचा मी बिनपगारी कारकून आहे. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचा सातबारा, कोणाच्या खात्यात पैसे आले की नाही. सारे माझ्याकडे येते. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीने एका खाजगी संस्थेची परीक्षा दिली होती. तिचा निकाल संस्थेच्या संकेतस्थळावर उघडला, तेव्हा पासवर्ड कोणी विचारला नाही, आणि पत्त्याच्या शेवटी तिचा बैठक क्रमांक नुसता उघडा दिसत होता. तिची मैत्रीण शेजारीच बसली होती. तिने आपला क्रमांक सांगितला, मी तो त्या जागी घातला, आणि गुणांबरोबर तिची जन्मतारीख, घरचा मोबाइल नंबर व वडिलांचा बँक खाते क्रमांक असे सगळे पडद्यावर आले. याचा अर्थ काय तो त्या दोघींना कळला नाही. मला मात्र कळला, आणि कळला तो पायथन शिकल्यामुळे. आठ-दहा ओळी लिहिल्या, की एकामागून एक सारे क्रमांक घालता येतील आणि हजारो मुलांची माहिती तासाभरात कोणाच्याही वहीत जमा होईल. त्या ओळी मी लिहिल्या नाहीत. संस्थेला फोन केला. पलीकडून उत्तर मिळाले, 'तुला दुसऱ्याचे पान उघडायला सांगितले कोणी? पोलिसांत नाव देऊ का?' दोन महिन्यांनी बहिणीचे पान पुन्हा उघडून पाहिले. पासवर्ड तेव्हाही कोणी विचारीत नव्हते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. (संन्यासी म्हणवून घेण्याइतका मी विरक्त नाही, हा भाग वेगळा.) घरी आल्यावर मी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० काढून वाचला. कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हेच नुकसानभरपाईस पात्र आहे. हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्न तेथे नाही. कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहेत. पण त्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असावा लागतो. म्हणजे प्रामाणिक माणूस शेवटी सुटेल हे खरे. पण शेवटी! तोपर्यंत ठाण्याच्या पायऱ्या, वकिलाची फी, आळीतली कुजबुज हे सर्व कोणी सोसावयाचे? बड्या कंपनीतला तपासनीस परवानगीचा कागद खिशात घालून फिरतो. ज्याला भगदाड चालता चालता दिसले, त्याच्यापाशी असा कागद नसतो, आणि आमच्यासारख्याच्या घरात तर वकील नावाचा प्राणी कोणी जवळून पाहिलेलाही नसतो. असा मुलगा पुढल्या वेळी काय करील? डोळे मिटून घेईल.

हे सारे अटळ आहे असे मात्र नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये आपल्या वकिलांना लेखी धोरण दिले, की सद्भावनेने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर संगणक-गुन्ह्याचे खटले भरू नयेत. नेदरलँड्सने त्याही आधी, २०१३ सालीच, अशा संशोधकाने व संस्थेने एकमेकांशी कसे वागावे याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था अशा उणिवांची माहिती स्वीकारते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु स्वीकारणे वेगळे आणि सांगणाऱ्याला कायद्याने अभय देणे वेगळे. ते अभय आपल्या कायद्यात शब्दांत लिहिलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला अटीही असाव्यात: एका उदाहरणावर थांबले पाहिजे, माहिती उतरवून घेता कामा नये, आणि दुरुस्तीला वेळ दिल्याशिवाय बोभाटा करता कामा नये.

आमच्या मित्रमंडळींतील काहींना ही विद्या म्हणजे निव्वळ तोरा वाटतो. दुसऱ्याचे तयार हत्यार उतरवून घ्यावयाचे, ते आत काय करते हे न वाचता बटण दाबावयाचे आणि 'मी हॅकर' म्हणून मिरवावयाचे. अशांविषयी मला फारशी सहानुभूती नाही. गाईड वाचून पास होणारा आणि हे, दोघे एकाच जातकुळीचे. हत्यार पायथनमध्ये लिहिलेले असण्याचा मोठा फायदा हाच, की ते उघडून वाचता येते. कादंबरीचे परीक्षण लिहिताना जसे आपण म्हणतो, की हे वाक्य येथे का आले, तसेच त्या ओळींना विचारता येते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला, माझ्या मते, हे अधिक चांगले जमावे. संहिता बारकाईने वाचणे आणि लिहिणाऱ्याने काय गृहीत धरले हे हेरणे, हाच तर आपला अभ्यास. हार्टब्लीडमध्ये तरी दुसरे काय होते? समोरचा खरेच बोलतो, असे कोणीतरी गृहीत धरले होते.

महाविद्यालयाकडे माझी मागणी लहान आहे. आपल्या संकेतस्थळावर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी. या पद्धतीचा औपचारिक दस्तऐवज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे; उणीव दिसली तर कोणाला कळवावे, एवढेच तीत लिहावयाचे असते. दोन-चार ओळींचे काम आहे, खर्च शून्य. त्या फाइलमध्ये ज्यांचा पत्ता असेल, त्यांनी कळवणाऱ्यावर न ओरडण्याचे कबूल करावे. प्रवेश अर्जांत आपण सर्वांनी जात, उत्पन्न, आधार, बँक खाते असे सगळे भरून दिलेले आहे, हे प्राध्यापक मंडळींना मी सांगावयास नको.

आणि विद्यार्थी मित्रांना एक निरोप. सरावासाठी कोणाच्या दाराला हात लावण्याचे कारण नाही. 'जूस शॉप' नावाचे एक खोटे दुकान ओवास्प या संस्थेने मुद्दाम भगदाडे ठेवून बनवले आहे. ते आपल्याच संगणकावर चालवून हवे तेवढे फोडता येते. ग्रंथालयातील कोपऱ्यातला संगणक शनिवारी दुपारी मोकळा असतो आणि तेथे ते चालवण्याची परवानगी मी ग्रंथपालांकडे मागितली आहे, अर्थात लेखी. मिळाली की सूचना फलकावर लिहीन. मुलीही याव्यात, माझ्या बहिणीने तर नाव आधीच दिले आहे, ती अजून अकरावीत आहे एवढीच काय ती अडचण.