नाव खेळाडूलाच ठरवू द्या

शालेय क्रीडा स्पर्धांचे प्रवेश अर्ज बहुतेक वेळा घाईत भरले जातात. हजेरीपटावर आडनाव आधी, आधार कार्डावर स्पेलिंग वेगळे, घरी हाक मारायचे नाव तिसरेच. त्यातले हाताला लागेल ते अर्जावर जाते आणि पुढे तेच प्रमाणपत्रावर छापून येते. पालकांनो, क्रीडाशिक्षकांनो, कळकळीची विनंती आहे, इथे थोडा वेळ जास्त द्या. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि प्रमाणपत्रावर दुसरे असले, की दोन्ही माझीच आहेत हे सिद्ध करण्यासाठी खेळाडूला खेटे घालावे लागतात. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, संघटनेची नोंदणी, सगळीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखे ठेवा. बदलायचेच असेल तर राजपत्रातून रीतसर बदलून घ्या.

चारचौघांत, बातमीत, माइकवर कोणते नाव घ्यायचे, हे मात्र कागद बघून ठरत नाही. ते ज्याचे नाव त्याने ठरवावे. मांगते चुंगनेइजांग मेरी कोम हे पूर्ण नाव. पण रिंगमध्ये ती मेरी कोम. विश्वनाथन आनंद यांच्या नावात विश्वनाथन हे वडिलांचे नाव आहे, आनंद हे त्यांचे स्वतःचे. शेवटी येते ते आडनावच असणार, असे आपण गृहीत धरतो आणि तिथे फसतो.

नाव हिरावले गेले तर काय होते, हे सोन की-जोंगच्या आयुष्यात दिसते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन या कोरियन धावपटूने जिंकली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, म्हणून तो जपानच्या संघातून आणि सोन किते या जपानी वळणाच्या नावाने धावला. पदक घेताना त्याची मान खाली होती. बर्लिनमध्ये सही करायची वेळ आली, की तो आपले खरे नाव कोरियन लिपीत लिहीत असे. तेवढेच त्याच्या हातात होते. पुढे 52 वर्षांनी, 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, तो ज्योत घेऊन मैदानात आला. ते सुवर्णपदक मात्र ऑलिंपिकच्या नोंदीत आजही जपानच्याच खात्यावर आहे.

मुहम्मद अलीने 1964 मध्ये नाव बदलले, तरी अमेरिकेतली कितीतरी वृत्तपत्रे पुढची अनेक वर्षे कॅशियस क्ले हे जुनेच नाव छापत राहिली. त्याला काय वाटेल, हे त्यांनी विचारातच घेतले नाही. हा उर्मटपणाच होता.

आपल्याकडे हे सर्वांत जास्त घडते ते लग्न झालेल्या महिला खेळाडूंच्या बाबतीत. सत्काराच्या फ्लेक्सवर तिला न विचारता सासरचे आडनाव लागते, वर 'सौ.' चढते आणि ज्या नावाने तिने पदके मिळवली ते गायब होते. कुणाला नवे आडनाव आवडते, कुणाला जुनेच हवे असते, कुणाला दोन्ही. जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर 2008 मध्ये शंभर मीटरची ऑलिंपिक विजेती झाली. 2012 मध्ये पुन्हा जिंकली तेव्हा ती फ्रेझर-प्राइस होती. आपल्या नेमबाज अंजली वेदपाठक पुढे अंजली भागवत म्हणून खेळल्या. यातले काहीही चूक नाही, ठरवणारी ती स्वतः असली म्हणजे झाले. जुन्या विक्रमाबद्दल लिहिताना आजचे नाव घ्यावे आणि तेव्हाचे नाव एकदा सांगावे. वाचकाचा गोंधळ होत नाही.

आणखी एक. बीडचा धावपटू अविनाश साबळे इंग्रजी-हिंदीतून फिरून आला, की 'साबले' होतो. मराठीत तरी त्याचा 'ळ' त्याला द्या.

गावात, मंडळात, सोसायटीत कुणाचा सत्कार ठेवला असेल, तर फ्लेक्स छापायला देण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला फोन करा. नाव कसे लिहायचे, कसे उच्चारायचे, ते विचारा. सांगतील तसेच छापा आणि निवेदकालाही तेच लिहून द्या.