रविवार त्यांचाही असतो

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींमध्ये 'कामिनो'ची लाट आली आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे भारत, फार तर पॅरिस-स्वित्झर्लंड. आता साठी ओलांडलेली, मुलं मार्गी लागलेली जोडपी पाठीवर सॅक बांधून उत्तर स्पेनमधली सांतियागोची वाट तुडवायला निघतात. कौतुकच आहे! मीही ती वाट चालले आहे आणि गुडघे परवानगी देतील तोवर पुन्हा चालणार आहे.

पण परत आलेल्यांच्या गप्पा ऐकल्या, की एक रडगाणं हमखास कानावर पडतं. "बाकी सगळं छान हो, पण रविवारी खायचे हाल! सगळी दुकानं बंद!" मग त्यावर भाष्यं सुरू होतात. पहिलं : "गिऱ्हाईक दारात उभं आणि हे कुलूप लावून झोपतात, यांना धंदा करायचाच नाही." दुसरं : "आमच्या वारीत बघा, लाखो माणसं चालतात, पण कोणी उपाशी राहत नाही." आणि तिसरं, जरा सुशिक्षित : "यात्रेच्या वाटेवर तरी अपवाद करायला काय हरकत आहे?"

या तिन्ही भाष्यांशी माझं भांडण आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी, न गेलेल्यांसाठी वस्तुस्थिती. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-प्ये-द-पोरपासून सांतियागोपर्यंतची 'फ्रेंच वाट' साधारण ७८० किलोमीटरची. चालायला महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे चार-पाच रविवार ठरलेलेच. त्यात सुट्ट्यांची भर. ही वाट नावार्रा, ला रिओहा, कास्तिया-लेओन आणि गालिसिया अशा चार प्रांतांतून जाते. देशाच्या सुट्ट्या वेगळ्या, प्रांताच्या वेगळ्या, आणि गावच्या जत्रेची सुट्टी आणखी वेगळी. २३ एप्रिलला कास्तिया-लेओन बंद, ९ जूनला ला रिओहा बंद, २५ जुलैला, म्हणजे संत सांतियागोच्याच दिवशी, गालिसिया बंद. आपला १५ ऑगस्ट तिथेही सुट्टीचा, मात्र मेरीमातेच्या सणाचा. तो शनिवारी आला, की लागोपाठ दोन दिवस सुपरमार्केटला टाळं.

याखेरीज रोजची दुपार आहेच. गावातली दुकानं दोनच्या सुमारास मिटतात, ती पाचला उघडतात. यात्रेकरू मुक्कामी पोचतो नेमका दोन वाजता!

आता दुसरी बाजू. रविवारी स्पेन उपाशी असतो का? मुळीच नाही. बेकरी बहुतेक ठिकाणी सकाळी उघडी असते. बार उघडे असतात. तिथला बार म्हणजे आपल्या कल्पनेतला दारूचा गुत्ता नव्हे. कॉफी, पाव, बटाट्याचं जाड ऑम्लेट मिळणारं ते गावाचं हॉटेल आणि गावाची ओसरीच. पेट्रोल पंपावरही पाव, चीज, बिस्किटं मिळतात. रेस्टॉरंट तर रविवारी दुपारी ओसंडून वाहत असतात, कारण आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं कुटुंब तेव्हा जेवायला बाहेर पडतं. रात्री मात्र बऱ्याच ठिकाणी चूल बंद, आणि काही बार रविवारची भरपाई म्हणून सोमवारी सुट्टी घेतात. हे एकदा समजलं, की अडचण उरते ती फक्त शनिवारी विसरणाऱ्याची.

आता पहिल्या भाष्याकडे वळते. "यांना धंदा करायचा नाही." मंडळी, हे बोलणारे आपण कोण? दुपारी १ ते ४ बंद असणाऱ्या दुकानांवर विनोद करत आपली एक अख्खी पिढी वाढली. २०१७ साली पुण्याच्या चितळ्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली! गोव्यात दुपारी बाजारपेठ पेंगते, तेव्हा आपण तिला 'सुशेगाद' म्हणून दाद देतो. मग बुर्गोसच्या वाण्यानेच काय घोडं मारलंय?

आणि आपल्याला रविवारची सुट्टी कोणी दिली, आठवतं का? गिरणी कामगारांसाठी ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे या मराठी माणसाने. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार, तेव्हा ती सुट्टी काही केवळ साहेबाच्या चर्चची उसनवारी नव्हती. दमलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस स्वतःसाठी मिळावा, एवढी साधी मागणी होती. ती मिळवायला वर्षं गेली. त्या माणसाच्या भाषेत बोलणाऱ्यांनी दुसऱ्याच्या रविवारच्या कुलपावर तोंड वाकडं करावं, याची मला लाज वाटते.

दुसरं भाष्य वारीचं, आणि ते मला जास्त लागतं. कारण ते बोलणाऱ्यांतले बरेचजण वारी चाललेले नाहीत. त्यांनी ती टीव्हीवर पाहिली आहे. वारीत कोणी उपाशी राहत नाही, हे खरं आहे. पण अन्न काही आभाळातून पडत नाही. बहुतेक दिंड्यांत आधी भिशीचे पैसे भरावे लागतात. ट्रकमध्ये धान्य, गॅस आणि भांडी असतात. पालखी सासवडहून जेजुरीकडे टाळ वाजवत निघते, तेव्हा स्वयंपाकाची माणसं आधीच पुढे जाऊन चुली मांडत असतात. गावोगावी पिठलं-भाकरी मिळते, ती त्या गावच्या बायकांनी पहाटे अंधारात उठून थापलेली असते. आषाढातले ते दिवस शेतकऱ्याच्या घरी पेरणीचे. तरीही त्या माउल्या ते करतात, श्रद्धेने करतात, आणि त्यांच्यापुढे माझं डोकं टेकतं. पण त्यांच्या कष्टांचा दाखला देऊन स्पेनमधल्या दुकानदारीणबाईला आळशी ठरवायचं, हा कुठला न्याय? वारीत उपाशी न राहण्यामागे शिस्त आहे, वर्गणी आहे, आदल्या रात्रीची तयारी आहे. नेमकं तेवढंच घरी विसरून आपण कामिनोला जातो आणि वारीचं नाव घेतो!

शिवाय अन्नदान त्या वाटेवरही आहे. रोन्सेसवायेसला १२ व्या शतकापासून यात्रेकरूंना आसरा आणि अन्न मिळत आलं. बुर्गोसच्या राजाच्या धर्मशाळेत आज विद्यापीठाचा कायद्याचा विभाग भरतो. आजही ला रिओहातल्या ग्रान्योन गावी चर्चला लागून असलेल्या धर्मशाळेत संध्याकाळी सगळे मिळून जेवतात, दर ठरलेला नाही, पेटीत जमेल ते टाकायचं. कोणी कांदा चिरतो, कोणी ताटं मांडतो, कोणी भांडी घासतो. रविवार असो की सण, ती पंगत चालू असते. ती चालवणारे स्वयंसेवक असतात. हे लक्षात घ्या. स्वयंसेवकाने स्वेच्छेने दिलेला रविवार आणि नोकरदाराकडून काढून घेतलेला रविवार, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं भाष्य सर्वांत वाजवी वाटतं, म्हणून सर्वांत धोक्याचं. यात्रेच्या वाटेपुरता अपवाद करावा. २०२४ साली सांतियागोला जवळपास पाच लाख यात्रेकरूंची नोंद झाली. एवढ्यांसाठी वाटेवरची दुकानं सात दिवस उघडी ठेवायची, तर ती कोणी उघडायची? कास्तियाच्या पठारावरची कितीतरी गावं तरुण माणसं शहरात गेल्यामुळे रिकामी झाली आहेत. तिथलं एकुलतं एक दुकान चालवणारी बाई अनेकदा आपल्याच वयाची असते, आणि तिच्या हाताखाली कोणी नसतं. तिची लेक आणि नातवंडं येतात ती रविवारी. आपल्याला दोन केळी आणि दह्याचा डबा हवा, म्हणून तिने तो दिवस सोडायचा?

मोठ्या साखळी दुकानांचं तर विचारूच नका. स्पेनमध्ये मोठ्या दुकानांनी किती रविवार उघडायचे, हे प्रांत ठरवतात. माद्रिद प्रांताने २०१२ साली ती बंधनं काढून टाकली, तेव्हा छोट्या दुकानदारांनीच विरोध केला होता. कारण उघड आहे. मोठ्यांकडे पाळीने येणारी माणसं असतात, छोट्याकडे फक्त तो स्वतः. सगळे दिवस सगळं उघडं झालं, की आधी मरतं ते कोपऱ्यावरचं दुकान. यात्रेकरूला आडगावी वेळीअवेळी आधार असतो तो नेमका त्याचाच!

इथे इंग्लंडमध्येही आपण हे पाहिलं आहे. १९९४ च्या कायद्याने मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडायची मुभा मिळाली. त्याआधीचे शांत रविवार आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. सोय झाली, मान्य. पण आज आपलीच मुलं-सुना रविवारच्या शिफ्ट करतात आणि 'सगळे एकत्र जेवू' म्हटलं, की कॅलेंडर काढावं लागतं. आपल्या घरात जे खुपतं, ते दुसऱ्याच्या गावात मागू नये.

"अहो, पण मधुमेह असलेल्यांनी काय करायचं? शाकाहारी माणसाने काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. तिथल्या मसुराच्या आमटीत सॉसेज असतं, 'मिक्स' सॅलडमध्ये ट्यूना असतो, बटाट्याच्या ऑम्लेटात अंडी असतातच. म्हणून तर शाकाहाऱ्याने कोणत्याच वारी बारच्या भरवशावर राहू नये! उपाय जुना आहे, आणि त्याला आपल्या भाषेत सुरेख शब्द आहे : शिदोरी. आपल्या आज्या दशम्या-धपाट्यांशिवाय एस.टी.त पाय ठेवत नसत. शनिवारी सुपरमार्केटातून पाव, चीज, टोमॅटो, फळं, बदाम आणि शिजवलेल्या छोल्यांची काचेची बरणी घ्या. घरून नेलेली लसणाची चटणी आणि मेतकूट असेल तर राजेशाही. मुक्कामी स्वयंपाकघर आहे का, आणि त्यात भांडी आहेत का, हे दोन्ही विचारा. गालिसियातल्या सरकारी धर्मशाळांत चूल असते आणि पातेलं नसतं, असं बऱ्याचदा होतं. सण कुठल्या गावी कधी, ते निघण्याआधी वहीत लिहा. कारिऑनच्या पुढे सतरा किलोमीटर एकही गाव नाही, तिथे तर वार कुठलाही असो, पाणी आणि खाणं पाठीवर हवंच. जास्तीचं ओझं फार तर एक किलो. एवढं वाहायची तयारी नसेल, तर 'यात्रा' हा शब्द तरी कशाला वापरायचा?

जाता जाता घरचंही एक. आपल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या दिवशी त्याच पाच-सहा जणी सकाळी सातपासून हॉलच्या स्वयंपाकघरात असतात, आणि अडीच वाजता येऊन "पुऱ्या संपल्या?" विचारणारे तेच पाच-सहा जण असतात. त्या जणींनी आरती पाहिली की नाही, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षीपासून जेवणाची वेळ संपली, की स्वयंपाकघराला कुलूप लागावं, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी देत आहे.

२०२७ साली २५ जुलै रविवारी येतो. सांतियागोचा सण रविवारी आला, की ते पवित्र वर्ष मानतात, आणि त्या वर्षी आपल्यातले बरेचजण जाणार, असं कानावर आहे. जरूर जा. फक्त २४ तारखेला, शनिवारी, दुकान बंद व्हायच्या आत खरेदी करा. आणि पैसे देताना काउंटरमागच्या बाईंना दोन शब्द म्हणा : "फेलिस दोमिंगो." रविवार आनंदात जावो!