इसबाचे औषध मक्तेदारीच्या कुलपात

नवी दिल्ली रेल्वे स्थानकासमोरचे पहाडगंज ही स्वस्त हॉटेलांची वस्ती. तेथे भांडी घासणाऱ्या व चादरी धुणाऱ्या कामगाराचे हात दिवसभर साबण-सोड्याच्या पाण्यात असतात. मूळचे इसब असलेली कातडी या पाण्याने फाटते, स्रवते. खाजेने रात्रीची झोप उडते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येणारे हात मालकाला नको असतात. कामगाराच्या वाट्याला उरते ती औषधाच्या दुकानातील स्टेरॉइड मलमाची नळी.

मलमाने सौम्य इसब आवरते. मध्यम व तीव्र इसबाला गोळ्यांची किंवा इंजेक्शनांची जोड लागते. मेथोट्रेक्सेट व सायक्लोस्पोरिन ही जुनी औषधे आहेत. पण रक्त, यकृत व मूत्रपिंड यांची वारंवार तपासणी केल्याशिवाय ती देता येत नाहीत. अशा तपासणीसाठी रोजंदारी बुडवणे हातावर पोट असलेल्यास परवडत नाही.

विज्ञान मात्र पुढे गेले आहे. इसबाचा दाह भडकवणारे शरीरातील संदेश रोखणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत 2017 साली मंजूर झाले. तेथे त्याची वर्षाची छापील किंमत होती 37,000 डॉलर! इसब, दमा आदी रोगांवरील या एका औषधाची 2023 सालची विक्री 10.7 अब्ज युरोंवर गेली. संशोधनाला खर्च येतो, हा भांडवलदारांचा आवडता युक्तिवाद. परंतु रोग्याने द्यावयाची किंमत खर्च ठरवत नाही; ती पेटंटची मक्तेदारी ठरवते.

पुरावा भारतातच आहे. बॅरिसिटिनिब ही गोळी युरोपात 2020 साली इसबासाठी मंजूर झाली. मे 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, तिच्या सक्तीच्या परवान्यासाठी नॅटको कंपनीने अर्ज केला. त्याच महिन्यात एली लिली कंपनीने भारतीय कंपन्यांना स्वामित्वशुल्काशिवाय परवाने दिले. मात्र ते कोविडपुरतेच होते! तोच रेणू कोविडच्या रोग्यासाठी खुला झाला आणि इसबाच्या रोग्यासाठी बंद राहिला.

1970 च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेवर पेटंट दिले होते. जागतिक व्यापार संघटनेपुढे मान तुकवून 2005 साली ही ढाल टाकून देण्यात आली. तरीही कलम 84 शिल्लक राहिले. त्याच आधारे 2012 साली सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाची महिन्याची किंमत सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आली. पुढे 2013 व 2016 साली निकाली निघालेले दोन अर्ज मात्र फेटाळण्यात आले. हत्यार आहे, ते उचलण्याची इच्छा राज्यकर्त्या वर्गाला नाही.

नवी औषधे म्हणजे संजीवनी नव्हे. बॅरिसिटिनिबच्या वर्गातील गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 साली हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोग यांच्या धोक्याचा इशारा दिला. त्या देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणीही आवश्यक असते. म्हणूनच हा प्रश्न बाजारावर सोपवता येणार नाही. सक्तीचे परवाने, सार्वजनिक क्षेत्रात उत्पादन, सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी व औषध, आणि लहान हॉटेलांतील प्रत्येक कामगाराला राज्य विमा, या चारही मागण्या एकत्रच लढवल्या पाहिजेत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभारणाऱ्या देशाला हे अशक्य नाही. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात कामगाराच्या कातडीचाही हिशेब मांडावा.