गाईडवर पोसलेले मराठीप्रेम

नेमलेल्यापैकी किती वाचले तर पुरे होईल? मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांचा हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. त्याला मिळणारे उत्तर मात्र साफ चुकीचे आहे. गाईड बघ, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघ, पुस्तकाला हात लावायची गरज नाही! आणि हे सांगणारे कोण? बरेचदा आपणच, म्हणजे आईबाप आणि माजी विद्यार्थी.

वेळ नाही ही सबब हिशेबात टिकत नाही. 2023च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला अभ्यासाचे 30 तास धरले आहेत. 4 श्रेयांकांचा पेपर म्हणजे 120 तास. त्यातले 60 वर्गात गेले तरी 60 उरतात. दीडशे पानांची कादंबरी तासाला 25 पानांनी वाचली तर 6 तासांत संपते.

माझे म्हणणे सोपे आहे. मूळ पुस्तक पूर्ण वाचा. वेळ कमी पडला तर समीक्षेची यादी अर्धी सोडा. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 सालची, छोटेखानी. तिचे कथानक एका पानात सांगता येईल. पण बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात जे घडते ते त्या एका पानात मावत नाही. समीक्षकाचे मत मागाहूनही वाचता येते. न वाचलेल्या पुस्तकावरचे मत पाठ करणे ही निव्वळ पोपटपंची.

मी सरकारी कारकून. आतला पत्रव्यवहार न उघडता शेवटच्या टिपणीवर सही ठोकली की काय होते, ते प्रत्येक कचेरीला ठाऊक असते. गाईड ही दुसऱ्याने लिहिलेली टिपणीच.

दोष एकट्या मुलांचा नाही. 'नायकाचे स्वभावचित्र रेखाटा' असेच वर्षानुवर्षे विचारले तर पुस्तक कोण उघडणार? प्राध्यापकांनी एखादा उतारा देऊन त्यावर लिहायला सांगावे, गाईड आपोआप निकामी होईल.

1987च्या राजभाषा कायद्यात मराठीला दुय्यम जागा मिळाली म्हणून आपण अजून हळहळतो, निवेदने देतो. द्यावीत. कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून नेमलेले पुस्तक आणून वाचणे आहे. जिची पुस्तके तिचे पदवीधरच उघडत नाहीत, त्या भाषेसाठी राजभाषेचा दर्जा कोणत्या तोंडाने मागायचा?