मोर्च्याची कॅसेट

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहाजणांचे बळी गेले. त्यानंतरचा एक निषेध मोर्चा आम्ही व्हिडिओवर टिपला. कॅमेरा लग्नवाल्याकडून, वर्गणी काढून भाड्याने आणलेला. चित्र हलते, आवाजात वारा. तरी माणसे ओळखू येत. मदतीसाठी झालेला गायनाचा कार्यक्रमही त्याच कॅसेटवर होता.

पुढे त्यावरच आमच्या घरचे बारसे चढले! दोष आमचाच. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडला असता, तर पुन्हा रेकॉर्डिंग झालेच नसते. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रीकरण करून ते जपले, म्हणून ‘जय भीम कॉम्रेड’ झाला.

दीक्षाभूमीच्या प्रवासाची कॅसेट परवा उघडली, तर फितीवर पांढरी बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नये; बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागते. व्हीसीआरचे उत्पादनही २०१६ साली थांबले. तेव्हा बंधुभगिनींनो, माळ्यावरची पिशवी या रविवारी खाली काढा. दिसणाऱ्या माणसांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, मग जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या.

आमचे बारसे संपते, तिथे गायनाची शेवटची दोन मिनिटे उरली आहेत. ढोलकी स्पष्ट ऐकू येते.