विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हात

चैनीच्या खेळण्याविषयी समाजवाद्यांनी शाई का खर्चावी, असे आपल्यातील काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न खेळण्याचा नाही, मालकीचा आहे.

सोनी कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेत त्याच्या वरच्या नमुन्याची किंमत ५९९ डॉलर होती. त्यावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवून ते संगणक म्हणून वापरता येई. ही सोय कोणी चोरवाटेने मिळवलेली नव्हती. कंपनीनेच ती देऊ केली होती. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर अशी सुमारे १७६० यंत्रे जोडून महासंगणक उभारला.

१ एप्रिल २०१० रोजी कंपनीने ३.२१ क्रमांकाची नवी आज्ञावली पाठवून ही सोय काढून घेतली. कारण दिले सुरक्षिततेचे. सुरक्षितता कोणाची? त्याच वर्षी जानेवारीत एका तरुणाने यंत्राचे कुलूप उघडल्याचे जाहीर केले होते. धोका होता तो कंपनीच्या मक्तेदारीला. शिक्षा मात्र निरपराध ग्राहकांना! नवी आज्ञावली घेणे म्हणे ऐच्छिक होते. न घेणाऱ्यास इंटरनेटवरील खेळ बंद, कंपनीच्या दुकानाचे दार बंद, नव्या आज्ञावलीवाचून न चालणारे पुढचे खेळ व चित्रपटही बंद. गिरण्यांतील 'स्वेच्छानिवृत्ती' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या ऐच्छिकतेची ओळख करून द्यावयास नको.

विक्री म्हणजे हक्कांचे हस्तांतरण, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. येथे पैसा पूर्ण हस्तांतरित झाला, हक्क मात्र अर्धेच. यंत्र तुमचे, पण आतील आज्ञावली केवळ परवान्याने दिलेली, हा कंपनीचा युक्तिवाद. जमीनदार निदान स्वतःस जमीनदार म्हणवीत असे आणि खंड मागत असे. हा नवा मालक पूर्ण किंमत वसूल करून खरेदीदारालाच कूळ करून ठेवतो.

न्याय किती मिळाला? एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला. २०११ मध्ये तो फेटाळला गेला, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने काही मुद्द्यांवर पुन्हा उभा केला, आणि साडेसदतीस लाख डॉलरांच्या तडजोडीस अंतिम मान्यता मिळाली ती २०१८ साली. एवढ्या मोठ्या कंपनीस ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. दरम्यान सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने आपल्या सेवेच्या अटींत लवादाचे कलम घालून सामूहिक दाव्याची वाटच अडवली. तीस दिवसांत लेखी नकार कळवील, तोच त्यातून सुटे.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य कराराची व्याख्या केली. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार तीत मोडतो. परंतु अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही; ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. हा अधिकार जिल्हा आयोगास मिळाला पाहिजे. तसेच विकताना दिलेली सोय संमतीवाचून काढून घेणाऱ्याने वस्तू परत घेऊन पूर्ण पैसे द्यावेत, आणि नकार देणाऱ्या ग्राहकाच्या उरलेल्या सोयी अबाधित राहाव्यात, असे बंधन कायद्यानेच घालावे, ही मागणी आपण सरकारपुढे लावून धरली पाहिजे.